ब्रीडिंगआधीच्या तपासण्या: या चुका टाळा

‘डॉक्टरांनी बघितलंय, कुत्रा ठणठणीत आहे’ एवढ्यावर जोडी लावणं ही सगळ्यात मोठी चूक. वरवर तपासून जे कळत नाही, तेच पिल्लांत उतरतं.

खुब्याच्या एक्स-रेत घाई फार होते. ओएफए (कुत्र्यांचे एक्स-रे तपासून खुब्याला दर्जा देणारी अमेरिकन संस्था) अंतिम ग्रेड 24 महिने पूर्ण झाल्यावरच देते. त्याआधीची ग्रेड प्राथमिक समजायची. पेनहिप या एक्स-रेच्या दुसऱ्या पद्धतीत 16 आठवड्यांपासून सांध्याचा सैलपणा मोजता येतो, पण ते मापच वेगळं, ते ओएफएच्या ग्रेडशी ताडू नका. मादी माजावर असेल तर हार्मोनमुळे सांधा सैल दिसू शकतो, म्हणून माजाच्या आधी किंवा नंतर 3-4 आठवड्यांचं अंतर ठेवा. पिल्लं दूध सोडल्यावरही तेवढंच थांबा. आणि कुत्र्याला नुसतं दाबून धरून काढलेल्या फिल्मवर कंबर तिरकी येते, एका बाजूची खुब्याची वाटी उगाच उथळ दिसते. गुंगीचं औषध देऊनच फिल्म काढा. मायक्रोचिप क्रमांक फिल्मवर तेव्हाच यायला हवा.

डीएनए अहवालातला ‘कॅरिअर’ (सदोष जनुकाची एकच प्रत असलेला, स्वतः निरोगी) शब्द वाचून चांगला कुत्रा बाद करू नका. अप्रभावी जनुकाच्या आजारात, म्हणजे सदोष प्रत आईबाप दोघांकडून आली तरच होणाऱ्या आजारात, कॅरिअर आणि क्लिअर (सदोष प्रत नसलेला) या जोडीला आजारी पिल्लू होत नाही. सरासरी निम्मी पिल्लं कॅरिअर निघतात. दोन्ही कॅरिअर असतील तरच प्रत्येक पिल्लाला 25% धोका. सगळेच कॅरिअर काढून टाकले तर जातीतली विविधता आटते आणि दुसरंच दुखणं डोकं वर काढतं. दूध पिणाऱ्या पिल्लाचा स्वॅब लगेच घेतला तर त्यात आईच्याही पेशी येतात. आधी त्याला काही वेळ आईपासून वेगळं ठेवा.

डीएनए क्लिअर म्हणजे हृदय निर्धोक, असंही नाही. डॉबरमनमध्ये डीसीएम (हृदयाचा स्नायू ताणून कमजोर होण्याचा आजार) बहुधा मोठ्या वयात दिसतो, त्यामुळे दरवर्षी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि 24 तासांचा होल्टर (अंगावर बांधून सलग घेतलेला ईसीजी) दोन्ही हवेत. डोळ्यांचा दाखलाही वर्षभरच चालतो.

ब्रुसेला कॅनिस या गर्भपात घडवणाऱ्या जंतूची चाचणी फक्त मादीची करून भागत नाही. प्रत्येक मिलनाआधी नराचीही करा. संसर्ग ताजा असेल तर प्रतिपिंडं तयार व्हायची असतात, निकाल फसवा निगेटिव्ह येतो. बाहेरून आणलेला कुत्रा 8 ते 12 आठवडे वेगळा ठेवून पुन्हा तपासा. उलट झटपट स्लाइड चाचणी पॉझिटिव्ह आली तर पक्क्या चाचणीवाचून निर्णय घेऊ नका. हा जंतू माणसालाही लागतो, तेव्हा गर्भपात झालेली मादी हाताळताना हातमोजे घाला.