बंद केलेलं क्लाउड मशीन आपोआप चालू होतंय? आधी लॉग बघा

जळगावातल्या एका डाळ मिलचा हिशेबाचा सर्व्हर आम्ही शनिवारी रात्री बंद केला. सोमवारी दुपारी पाहतो तर चालू, आणि बिलाचं मीटरही पळतंय! पासवर्ड चोरीला गेला असं लगेच धरून चालू नका. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर क्लाउडट्रेल (खात्यात कोणी काय केलं याची नोंदवही, म्हणजे लॉग) उघडा आणि ‘स्टार्टइन्स्टन्सेस’ ही नोंद शोधा. मागच्या 90 दिवसांत मशीन कोणी, कधी चालू केलं ते तिथे दिसतं. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर अ‍ॅक्टिव्हिटी लॉग बघा. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर साडेपाच तास मिळवा. आमची नोंद 03:30ची, म्हणजे आपले सकाळचे नऊ. कुणीतरी पूर्वी लावून ठेवलेलं वेळापत्रक निघालं.

ऑटो स्केलिंग गटातलं (गरजेप्रमाणे मशीनं आपोआप कमी-जास्त करणाऱ्या गटातलं) मशीन मात्र जपून हाताळा. हाताने बंद केलं की गट त्याला बिघडलेलं समजतो, काढून टाकतो आणि नवं उभं करतो. जुन्यावरचा डेटाही जाऊ शकतो, म्हणून आधी ते स्टँडबायमध्ये (गटाच्या तपासणीतून तात्पुरतं बाजूला) टाका. आरडीएस (अ‍ॅमेझॉनच्या सेवेवरचा) डेटाबेस तर बंद ठेवला तरी 7 दिवसांनी आपणहून सुरू होतो.

नोंदीत अनोळखी नाव दिसलं, तर त्या नावाची अ‍ॅक्सेस की (खात्यात शिरण्याची गुप्त किल्ली) त्याच क्षणी बंद करा.