विटांनी बुजवलेली जुनी फायरप्लेस उघडायचीये? आधी हे वाचा

इंग्लंडात जुनं व्हिक्टोरियन टेरेस घर (एका ओळीतलं, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागलेलं) घेतलंय, हॉलच्या एका भिंतीचा मधला भाग पुढे आलाय आणि त्याच्या खाली हवेसाठी छोटीशी जाळी बसवलीये, तर आत फायरप्लेस असणार हे जवळपास नक्की. लंडनच्या 1952 च्या धुरक्यानंतर 1956 ला धुरावर बंधनं घालणारा क्लीन एअर अ‍ॅक्ट आला, पुढे घरोघरी सेंट्रल हीटिंग आलं, मग लोकांनी सरळ विटा रचून वर गिलावा मारून टाकला.

हातोडा घ्यायच्या आधी वरच्या मजल्यावर जाऊन चिमणी अजून आहे का ते बघा, कारण बेडरूम मोठी करायला आधीच्या मालकाने ती पाडलेली असू शकते, तसं असेल तर आग पेटवायचं विसरा, फक्त शोभेला उघडा. विटांऐवजी बोर्ड ठोकलेला असेल तर हात लावू नका, 60-70 च्या दशकात अ‍ॅस्बेस्टॉसचे बोर्ड सर्रास वापरायचे आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते, आधी टेस्ट करून घ्या. आत जुनी गॅसची पाइप निघाली तर गॅस सेफ रजिस्टर्ड (गॅसच्या कामाची अधिकृत नोंदणी असलेला) माणूसच बोलवा, ओळखीतला कोणीतरी 'बघून देतो' म्हणेल, त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

आता खरं काम. गिलावा थोडा थोडा काढत जा, बाजूच्या मूळ भिंतीत विटा एकमेकींत अडकवून रचलेल्या असतात, पण भरावाच्या विटांच्या दोन्ही कडांना वरून खाली सरळ उभा सांधा दिसतो, तीच तुमची हद्द, त्याच्या बाहेर एक वीटही हलवायची नाही. वर विटांची कमान किंवा लिंटेल (वरचं वजन पेलणारी आडवी तुळई) दिसायलाच हवं. नाही दिसलं तर काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. दिसलं की त्याच्या लगेच खालच्या ओळीतली मधली वीट आधी काढायची, सांधा छिन्नीने कोरून, मग हळूहळू खाली यायचं. काजळी, राडारोडा, पक्ष्यांच्या घरट्यातल्या काड्या असं काय काय पडेल, फर्निचर आधीच हलवा आणि बारीक धूळ अडवणारा एफएफपी3 मास्क लावाच.

विटांचे सांधे भरायला सिमेंट नको, चुनाच वापरा, जुन्या मऊ विटांमधली ओल सिमेंट अडकवून ठेवतं आणि विटेचे पापुद्रे सुटतात. आतली, जळण ठेवायची बिडाची जाळी तारेच्या ब्रशने घासून बिडाचं काळं पॉलिश लावलं की झकास दिसते, पण त्यावर जुना रंग असेल तर कोरडा घासू नका, शिसं असू शकतं, रंग काढायचं स्ट्रिपर वापरा.

पेटवायचीच असेल तर चिमणी साफ करून स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती तपासणं) करून घ्या, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा, खालची लादी 125 मिलिमीटर जाड आणि तोंडापासून पुढे निदान 500, बाजूंना 150 मिलिमीटर हवी. तुमचा भाग स्मोक कंट्रोल एरिया (धुरावर बंधनं असलेला भाग) असेल तर उघड्या शेगडीत लाकूड जाळता येत नाही, कौन्सिलच्या साइटवर बघून घ्या. घर लिस्टेड (सरकारी वारसा यादीतलं) असेल तर विटेला हात लावायच्या आधीच परवानगी.

माझं विचाराल तर नुसती शोभेला ठेवा, गरम हवा बरीचशी वरच निघून जाते. पण चिमणीचं तोंड वरून गच्च बंद करू नका, पाऊस अडेल पण हवा खेळेल असं टोपण बसवा, नाहीतर भिंतीवर तपकिरी ओलीचे डाग येतात आणि कितीही रंग मारा, परत उमटतात.