सोसायटीचं प्रोसिडिंग लिहायला घेण्याआधी जुनं प्रोसिडिंग कसं वाचावं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पतसंस्थेत नवा सेक्रेटरी किंवा क्लार्क रुजू झाला की पहिल्याच महिन्यात प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताची वही, त्याच्यासमोर येतं आणि 'मागचं बघून लिहा' एवढीच शिकवणी मिळते. सल्ला खोटा नाही. पण मागचं बघायचं कसं, हे कुणी सांगत नाही. नुसतं उतरवून काढलं तर आधीच्या माणसाची शिस्त उतरते तशा त्याच्या खोडीही उतरतात, आणि दोन्हीतला फरक ऑडिटरने शेरा मारल्यावर कळतो.

आधी एकाच प्रकारची सभा निवडा. संचालक मंडळाची मासिक सभा आणि वार्षिक सर्वसाधारण सभा एकाच गठ्ठ्यात घेऊ नका. दोन्हींचा साचा वेगळा. मागच्या एका वर्षाच्या बारा मासिक सभा, दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या दोन-तीन आणि मिळाल्याच तर शेजारच्या सोसायटीच्या एक-दोन, एवढं पुरे. सगळ्याच्या झेरॉक्स काढा. मूळ वहीत पेन्सिलीचाही टिंब पडता कामा नये.

पहिल्या वाचनात मजकूर सोडून द्या आणि हे कोण वाचणार याची यादी करा. संचालक पुढच्या सभेत ते वाचून कायम करतात, पण खरे वाचक पुढचे: ऑडिटर, डीआर ऑफिस (सहकार खात्याच्या डेप्युटी रजिस्ट्रारचं कार्यालय), खातं असलेली बँक, आणि वाद झालाच तर कोर्ट. यातला एकही सभेला हजर नव्हता. बँकेकडे तर अख्खी वही जातच नाही, एका ठरावाची 'खरी नक्कल' जाते. त्यामुळे प्रत्येक ठराव एकटा उभा राहिला पाहिजे. 'वरीलप्रमाणे' आणि 'मागील सभेत ठरल्याप्रमाणे' हे शब्द जिथे जिथे दिसतील तिथे लाल खूण करा. नक्कल काढली की 'वरील' काहीच उरत नाही.

मग सांगाडा काढा. एका मोठ्या कागदावर बारा उभे रकाने, प्रत्येक सभेला एक. आडवे भाग जसे येतील तसे मांडा: तारीख-वेळ-स्थळ, अध्यक्ष कोण, हजर संचालकांच्या सह्या, रजेचे अर्ज, कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी), मागील इतिवृत्त कायम करणे, महिन्याचा जमाखर्च, कर्ज अर्ज, थकबाकी, आयत्या वेळचे विषय, आभार. बाराही रकान्यांत जे आहे तो साचा. दोन-तीनच ठिकाणी आहे त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह. 'आयत्या वेळचे विषय' या आडव्या भागात काय काय शिरलंय ते जरा नीट पाहा. किरकोळ दुरुस्ती, शोकप्रस्ताव, अभिनंदन इथपर्यंत ठीक. नोकरभरती, मोठी खरेदी किंवा कर्जमंजुरी तिथे सापडली तर तो साचा नाही, पळवाट आहे. अजेंड्यावर नसलेला विषय गैरहजर संचालकाला कळलेलाच नसतो, आणि नेमका तोच पुढे तक्रार करतो.

सगळ्यात जास्त वेळ ठरावाच्या वाक्याला द्या. एक नेहमीचा ठराव असा असतो:

'विषय क्र. ४ : आलेल्या कर्ज अर्जांचा विचार करणे. ठराव क्र. ४ : सदर विषयावर चर्चा होऊन असे ठरले की, सभासद क्र. ११८२ यांना घरदुरुस्तीसाठी रु. ३,००,०००/- (अक्षरी रुपये तीन लाख फक्त) इतके जामीन कर्ज द.सा.द.शे. १२ व्याजदराने, ६० मासिक हप्त्यांत परतफेडीच्या अटीवर, सभासद क्र. ९०७ व १३४१ यांच्या जामिनावर मंजूर करण्यात येत आहे. कागदपत्रे पूर्ण करून घेऊन कर्ज वाटप करण्याचा अधिकार सेक्रेटरींना देण्यात येत आहे. सूचक : … अनुमोदक : … ठराव सर्वानुमते मंजूर.'

आता हे सुटं करा. 'चर्चा होऊन' यात कोण काय बोललं ते नाही, आणि ते मुद्दामच नाही: मासिक सभेत निर्णय मंडळाचा असतो, एकट्याचा नव्हे. म्हणून क्रियापदं सगळी कर्मणी, 'मंजूर करण्यात येत आहे', 'अधिकार देण्यात येत आहे'. पण कर्मणी प्रयोगाचा धोका असा की करणारा माणूस गायब होतो. 'कार्यवाही करण्यात यावी' असं नुसतं लिहिलं की ती कुणीच करत नाही. चांगल्या प्रोसिडिंगमध्ये अधिकार कुणाला दिला ते पद लिहिलेलं सापडेल. रक्कम आकड्यात आणि अक्षरात, कारण एक शून्य वाढवणं सोपं, 'तीन'चे 'तीस' करताना खाडाखोड दिसते. नाव लिहिलंच तर सभासद क्रमांकासह. एका गावात एकाच आडनावाचे आणि एकाच नावाचे चौघे सहज निघतात.

'सर्वानुमते' आणि 'बहुमताने' कुठे कुठे आलंय तेही मोजा. बाराच्या बारा सभांत एकदाही विरोध नोंदलेला नसेल तर मंडळ फार गुण्यागोविंदाने नांदतंय किंवा लिहिणाऱ्याला हात आवरायची सवय आहे. विरोध करणाऱ्या संचालकाने नोंद मागितली तर ती नावासह व्हायला हवी. नाहीतर पुढे जबाबदारी वाटली जाताना तोही त्यात धरला जातो. संचालकाच्या नातेवाइकाचं कर्ज असेल तेव्हा तो संचालक चर्चेला बाहेर होता असं एखादं जादा वाक्य सापडेल. सापडत नसेल तर त्या जागी खूण करून ठेवा.

यानंतर साच्यातल्या प्रत्येक गोष्टीसमोर चारपैकी एक शब्द लिहा: कायदा, बायलॉज (संस्थेचे पोटनियम), रूढी, सवय. यासाठी संस्थेचे बायलॉज शेजारी उघडे हवेत. कोरमचा आकडा बायलॉजमध्ये सापडतो. ठरावाला दर महिन्याला नवा क्रमांक की वर्षभर सलग, हे बहुधा रूढीने चालतं, पण एकदा धरलेली पद्धत मध्येच मोडायची नाही. 'अल्पोपहार होऊन सभा खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न झाली' ही निव्वळ सवय. खाडाखोडीवर अध्यक्षांची छोटी सही, व्हाइटनर नाही, पानावरची मोकळी जागा तिरक्या रेघेने बंद, छापील पान चिकटवलं असेल तर जोडावर सही, हे मात्र सवय म्हणून सोडून देऊ नका. ती मागाहून भर घालण्यावरची कुलपं आहेत.

आता आपल्या सीमाभागातली खास अडचण. निपाणी-चिक्कोडीकडे कोल्हापूरच्या संस्थांचे तयार मराठी नमुने व्हॉट्सॲपवर सहज येतात. भाषा आपली, त्यामुळे डोळा चटकन फसतो. त्यात 'महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०' असतो, वसुली दाखल्यासाठी कलम १०१ असतं, तारणात सातबारा आणि हेक्टर-आर असतात. इथली संस्था कर्नाटक सहकारी संघांच्या १९५९ च्या कायद्याखाली आहे, की १९९७ च्या सौहार्द कायद्याखाली, की बहुराज्य म्हणून केंद्राच्या २००२ च्या कायद्याखाली, हे नोंदणीपत्रावर आधी पाहा. १९५९ च्या कायद्यात सहकारी वाद कलम ७० खाली दाखल होतो. जमीन एकर-गुंठ्यात, आणि उतारा म्हणजे आरटीसी, कर्नाटकातला सातबारा. नमुन्याचा सांगाडा घ्यायला हरकत नाही. कलमं, मोजमापं आणि अधिकाऱ्यांची पदं घेऊ नका. फार जुन्या वह्यांतही हेच सांभाळा: १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, तेव्हा त्या काळच्या ठरावांतले कायदे मुंबईचेच असणार.

दुसरी गोष्ट तीन भाषांची. वही मराठीत, डीआर ऑफिसला पत्र कन्नडमध्ये, बँकेला नक्कल इंग्रजीत, असा प्रकार असेल तर एकच ठराव तिन्हीत शोधून शेजारी ठेवा. रक्कम, तारीख, खाते क्रमांक आणि नावाचं स्पेलिंग एवढंच ताडा. गडबड इथेच होते: मराठीत फक्त आडनाव आणि आद्याक्षरं, बँकेच्या केवायसीत पूर्ण नाव, आणि मग बँक खात्यावर सही करणारे बदलण्याचा ठराव परत येतो. त्या ठरावात आणखी एक जागा नेहमी रिकामी राहते. नव्या सह्यांचा अधिकार लिहिला जातो, जुन्या सह्यांचा अधिकार रद्द केल्याचं राहून जातं.

एवढं झालं की पुढच्या सभेला स्वतः कच्चा मसुदा लिहा आणि त्यातला एक ठराव सभेला नसलेल्या शाखेतल्या कॅशिअरला द्या. त्याने पाच उत्तरं तुम्हाला न विचारता द्यायला हवीत: काय ठरलं, कुणासाठी, किती रकमेचं, कोण करणार, कधीपर्यंत. जिथे तो अडेल तिथे वाक्य दुरुस्त करा, आणि हे वहीत शाईने उतरवण्याआधी करा. एकदा अध्यक्षांची सही झाली की राहिलेला शब्द घालायला पुढची सभाच लागते.