गुंठ्याच्या हिशेबात रमलेला आठवीचा वर्ग

क्षेत्रफळ शिकवताना माझ्या वर्गातली निम्मी मुले सूत्र उतरवून गप्प बसत, आणि गणितात पुढे असलेली मुले उदाहरणे लवकर संपवून कंटाळत. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांच्या मांडणीनुसार, काम कुवतीपेक्षा सोपे असले की कंटाळा येतो आणि फार अवघड असले की धास्ती वाटते. तल्लीनता येते ती या दोहोंच्या मध्ये, उद्दिष्ट स्पष्ट असताना आणि आपले बरोबर आहे की नाही हे लगेच कळत असताना.

म्हणून मी पुस्तकातले आयत बाजूला ठेवले आणि शाळेलगतच्या वेड्यावाकड्या पडीक तुकड्याचे क्षेत्र गुंठ्यांत काढायला सांगितले. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, म्हणजेच १,०८९ चौरस फूट, एवढेच फळ्यावर लिहिले. टेप, सुतळी आणि खुंट्या घेऊन गटांनी तुकड्याचे त्रिकोण पाडले; ज्यांना पाया आणि उंची सहज जमत होती, त्यांना केवळ तीन बाजूंवरून क्षेत्रफळ देणारे हिरोचे सूत्र वापरायला लावले. त्रिकोण वेगळ्या कर्णाने पाडले तरी बेरीज जवळपास तीच यायला हवी, त्यामुळे चूक शोधण्यासाठी कोणी माझ्याकडे धावत येईना. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, मग गुंठ्याचे काय, हा प्रश्न शेतकरी घरातल्या, एरवी अबोल असणाऱ्या मुलांनीच काढला (एक गुंठा सुमारे १.०१ आर भरतो), आणि तास संपल्याची घंटा त्या वादात कोणाला ऐकू आली नाही.

गट मात्र चौघांचाच ठेवावा. पाचव्याला टेपचे टोकही मिळत नाही.