पाहुणे येतायत? या चुका टाळा

मे महिन्यात आणि गणपतीत आमच्या कुडाळच्या घरात पाहुणा नाही असा दिवस जात नाही. नव्याने संसार मांडलेली पोरं मात्र दरवर्षी त्याच चुका करतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सगळ्यात मोठी चूक: पाहुणे ओटीवर आणि यजमानीण चुलीपाशी. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात आतेसासूबाई मुंबईहून आल्या, रात्रभर गाडीत अवघडून. मी ‘या, बसा’ म्हणून आत पळाले ती कोंबडी-वड्यांच्या मागे दोन तास बाहेर फिरकलेच नाही. वडे टम्म फुगले. परात घेऊन येते तर आत्या एकट्याच बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचतायत. पाय धुवायला पाणीसुद्धा कोणी दिलं नव्हतं. म्हणाल्या, “वडे मुंबैक पण गावतत गो, मी तुका बघूक इलंय.”

तेव्हापासून कांदा-खोबऱ्याचं वाटप आदल्या रात्रीच वाटून ठेवते, वड्यांचं पीठही तेव्हाच भिजवते. पाहुणा आला की पायांवर पाणी, मग गूळ-पाणी, मग अर्धा तास नुसत्या गप्पा. तोवर गॅस बंद.

दुसरी, माझं डोकं फिरवणारी: पहाटेच करून ठेवलेली सोलकढी. उन्हाळ्यात नारळाचं दूध दुपारपर्यंत वास मारायला लागतं. फ्रिजमध्ये ठेवाल तर वर पांढरा थर धरतो, कारण खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं. पानं मांडताना दूध काढा, आगळ म्हणजे कोकमाचा घट्ट रस घाला, चव बघा आणि मगच मिठाला हात लावा. आगळात मीठ आधीच असतं, हे विसरून किती जणींनी कढीचं समुद्राचं पाणी केलंय! पाकिटातल्या नारळ पावडरीबद्दल मी बोलणारच नाही. नारळाच्या गावात राहून पावडर?

पावसाळ्यात डांबरगोळ्यांच्या वासाच्या चादरी तशाच अंथरू नका, उघडीप बघून दोन दिवस आधी वारा दाखवा.

मासे आणण्याआधी विचारा. सोमवार असतो, श्रावण असतो, आणि पाहुणा भिडेपोटी गप्प बसतो.

वीज जाणारच. बॅटरी उशापाशी ठेवा आणि न्हाणीघराची वाट उजेडीच दाखवून ठेवा.

आणि कुत्रा बांधा. ‘काही करत नाही हो’ हे तुम्हाला माहीत, पाहुण्याला नाही.