सहलीचं संमतीपत्र: सही मिळाली म्हणून थांबू नका, या चुका टाळा

डिसेंबर लागला की आमच्याकडे सहलींची धांदल. कुणाची एसटी सेवाग्राम-पवनारला, कुणाची चिखलदऱ्याला. संमतीपत्रांचा गठ्ठा दोन दिवसांत सह्यांनिशी परत येतो आणि आम्हा शिक्षकांना वाटतं, काम झालं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'काही आजार आहे का?' एवढाच रकाना. एका वर्षी माझ्या वर्गातल्या मुलीच्या पत्रावर 'नाही' होतं. संध्याकाळच्या थंडीत तिचे हातपाय ठणकायला लागले. चालून थकली असेल, असं समजून मी तिला पांघरूण दिलं. रात्री आईला फोन लावला, तेव्हा तिला सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार, असल्याचं कळलं. "रोज गोळी घेते जी ते, मंग आजार कायचा?" त्या माउलीचं काय चुकलं? प्रश्नच मी चुकीचा विचारला होता. तेव्हापासून विचारतो: रोज कोणती गोळी चालू आहे? कधी भरती केलं होतं? फिट, दमा? कोणतं औषध सोसत नाही?

पूर्व विदर्भात आणि मेळघाटात सिकलसेल घरोघरी ऐकू येतो. यात लाल पेशी विळ्यासारख्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात. पाणी कमी पडलं, थंडी लागली, दमछाक झाली की दुखणं उसळतं. सहलीत नेमकं हेच तिन्ही होतं. त्यात वाटेत लघवीची सोय नसते म्हणून मुली पाणीच पीत नाहीत.

ही माहिती पालकसभेत सगळ्यांसमोर विचारू नका. पोरीचं लग्न अडेल या भीतीनं घरचे लपवतात. एकेकट्याशी बोला, आणि पत्रं मॉनिटरकरवी गोळा करू नका.

आई-बाप कामाला बाहेरगावी आणि आजीचा अंगठा, असं असेल तर मजकूर तिला वाचून दाखवा, आई-बापाशी फोनवर बोला. मोबाइल नंबर लावून बघा. रिचार्ज संपलेला असतो. शेजाऱ्याचा दुसरा नंबर घ्या.

औषध पाकिटासकट, नाव आणि वेळ लिहून मागवा. सुटी गोळी कशाची, हे १०८ च्या डॉक्टरांनाही ओळखता येणार नाही.

आणि पत्रं शाळेच्या कपाटात ठेवून निघू नका. एक प्रत बसमधल्या शिक्षकाकडे, दुसरी मुलींसोबतच्या बाईंकडे. बस कुठे थांबेल, तिथे संडास आहे का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.