केळीच्या एका सौद्यातून व्यापारी कायदा कसा शिकावा

व्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षाला व्यापारी कायदा आला की जळगाव-धुळ्याकडची मुले एकच गाऱ्हाणे घेऊन येतात: कलमे पाठ होत नाहीत. पाठ करूच नका. मी हा विषय शिकवतो. ज्याच्या घरून केळी, कापूस किंवा मिरची विकली जाते, त्याने निम्मा कायदा ओट्यावर बसून ऐकलेला असतो. फक्त कोणत्या बोलण्याला कोणते कलम लागते, ते त्याला कोणी दाखवलेले नसते.

आधी एक सौदा मिळवा

घरचा किंवा शेजारचा, पुरा झालेला एकच व्यवहार निवडा. वजनाची चिठ्ठी, बिल, चेकची झेरॉक्स, व्हॉट्सअॅपवरचे निरोप, जे सापडेल ते जमवा. वहीत चार रकाने आखा: तारीख, कोण काय बोलले, कागद आहे का, कोणते कलम. चौथा रकाना सध्या कोराच राहू द्या. सोबत भारतीय करार अधिनियम 1872 आणि मालविक्री अधिनियम 1930 यांची मूळ प्रत ठेवा. सरकारच्या इंडिया कोड संकेतस्थळावर ती फुकट मिळते. करार अधिनियमात पुष्कळ कलमांखाली छोटी उदाहरणे दिली आहेत. बाजारातल्या गाइडपेक्षा ती कितीतरी चांगली आहेत, ती आधी वाचा.

आता समजा, सावद्याजवळच्या एका शेतकऱ्याची बाग व्यापाऱ्याने पाहिली, क्विंटलचा भाव ठरला आणि "मंगळवारी गाडी लावतो" असे सांगून तो गेला.

करार झाला का, ते तपासा

मुले लगेच म्हणतात, लिहून कुठे घेतले? मालाच्या विक्रीला लेखी कागद लागतोच असे नाही. तोंडी करारही करारच असतो. करार अधिनियमाचे कलम 10 उघडा आणि एकेक गोष्ट सौद्याला लावून पाहा: दोघांची मोकळी संमती, करार करण्याची पात्रता, कायदेशीर मोबदला, कायदेशीर उद्देश. कागद नसला तर करार बुडत नाही, पण तो सिद्ध करताना घाम फुटतो. म्हणून भाव ठरल्यावर त्याच दिवशी "अमुक भावाने, अमुक वारी कापणी" एवढा निरोप मोबाइलवर पाठवायची सवय घरच्यांना लावा.

इथे एक नेहमीचा प्रश्न येतो. वडील शेतात होते आणि भाव सतरा वर्षांच्या मुलाने ठरवला, तर? अज्ञानाने, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेल्याने, स्वतःसाठी केलेला करार मुळातच रद्द, हे प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजांच्या काळातले सगळ्यात वरचे अपील न्यायालय) 1903 मध्ये मोहोरी बीबी खटल्यात ठरवून दिले. पण मुलगा वडिलांच्या वतीने, त्यांच्या सांगण्यावरून बोलला असेल तर तो एजंट झाला, आणि कलम 184 प्रमाणे अज्ञान व्यक्तीही एजंट होऊ शकते. सौदा वडिलांवर बंधनकारक ठरतो. परीक्षेत निम्मी मुले इथेच घसरतात, कारण त्यांना फक्त "अज्ञान म्हणजे रद्द" एवढेच आठवते.

माल कोणाचा झाला, ते शोधा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. मंगळवारी गाडी आलीच नाही. गुरुवारी रात्री वादळ आले आणि निम्मी बाग आडवी झाली. नुकसान कोणाचे?

"माल शेतात होता, म्हणजे शेतकऱ्याचे" असे चटकन म्हणू नका. आता मालविक्री अधिनियम उघडा. त्याच्या कलम 26 चा साधा नियम असा की जोखीम मालकीबरोबर जाते, वेगळे ठरले नसेल तर. मग मालकी कधी गेली? कलम 19 सांगते, दोघांचा इरादा काय होता ते पाहा. किंमत ठरायला विक्रेत्याने माल मोजून द्यायचा असेल, तर कलम 22 प्रमाणे मोजणी होऊन खरेदीदाराला कळेपर्यंत मालकी जात नाही. पण आपल्याकडे कापणारे मजूर बहुधा व्यापाऱ्याचेच असतात आणि काट्यावरही त्याचाच माणूस असतो. मग कलम 22 जसेच्या तसे लागत नाही, पुन्हा इराद्याकडे यावे लागते. म्हणून विचारा: कापणी कोणाची, मोजणी कोणाची, बोलणे काय झाले होते?

एवढ्यावर थांबलात तर उत्तर अर्धेच राहील. कलम 26 ला एक परंतुक, म्हणजे "पण" म्हणून जोडलेला अपवाद, आहे. ज्याच्या चुकीने माल ताब्यात द्यायला किंवा घ्यायला उशीर झाला, त्या उशिरामुळे झालेले नुकसान त्याच्या माथी. गाडी मंगळवारी लागली असती तर गुरुवारच्या वादळात बाग सापडली नसती. म्हणजे मालकी अजून शेतकऱ्याकडे असली तरी व्यापाऱ्याला जबाबदार धरता येते. मुलांना हे वाचून दाखवतो तेव्हा मागच्या बाकावरचा कोणीतरी मान वर करतो, कारण त्याच्या घरी हे घडलेले असते.

गाडी वेळेवर भरून दिल्लीला निघाली आणि वाटेत माल पिकला, तर उत्तर बदलते. व्यापाऱ्यासाठी वाहतूकदाराच्या हाती दिलेला माल सहसा व्यापाऱ्यालाच पोचला असे कलम 39 मानते.

पैशाच्या तारखा लिहा

चेक वटला नाही तर 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमातले कलम 138 लागते. तिथे दिवस चुकला की केस कमजोर होते. बँकेकडून 10 मार्चला कळले, तर 9 एप्रिलपर्यंत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस 12 एप्रिलला मिळाली, तर 27 एप्रिलपर्यंत चेक देणाऱ्याला पैसे भरायची मुदत. नाही भरले, तर त्यापुढच्या महिनाभरात न्यायालयात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

चेकच दिला नसेल, तर मुदत अधिनियम 1963 पाहा. उधारीच्या मालाच्या किमतीसाठी दावा साधारण तीन वर्षांत. हे मी घरच्या नुकसानीतून शिकलो. वडिलांनी खेडा खरेदीत, म्हणजे गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याला, कापूस दिला. व्यापारी गोड माणूस; "दिवाळीला देतो", मग "आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) देतो". वडील भिडेखातर थांबले. वकिलाकडे गेलो तेव्हा तीन वर्षांवर चार महिने उलटले होते. मुदत संपण्याआधी त्याच्याकडून "इतके बाकी आहेत" एवढ्या दोन ओळी सहीनिशी घेतल्या असत्या, तर कलम 18 प्रमाणे त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मिळाली असती. ती चिठ्ठी मागायचा संकोच आम्हाला फार महाग पडला. तुमच्या वहीत उधारीची तारीख लाल शाईने लिहा आणि घरी वाचून दाखवा.

समोरचा नेमका कोण, ते पाहा

पाटीवर "अँड सन्स" असले म्हणून काही कळत नाही. एकट्याचा धंदा आहे, भागीदारी आहे की कंपनी, हे बिलावरून काढा. भागीदारी असेल तर 1932 च्या अधिनियमाचे कलम 25 वाचा: फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार स्वतः जबाबदार. कलम 69 मात्र उलटे समजू नका. नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून बाहेरच्यावर दावा लावता येत नाही, पण शेतकऱ्याला तिच्यावर लावता येतो.

आता चौथा रकाना भरा. उत्तर लिहिताना क्रम हाच ठेवा: घडले काय, नियम कोणता, तो इथे कसा लागतो, निकाल काय. मग वही बदलून मित्राचा सौदा घ्या. नंदुरबारच्या मिरचीचा मिळाला तर उत्तम, तिथे नमुन्यावरून झालेली विक्री आणि मालविक्री अधिनियमाचे कलम 17 समोर येईल.